लाल म्हणजे काळी

त्याला सगळे लिमिट म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव बरं होतं, पण ते आता फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं आणि तिथेही चुकीचं छापलेलं होतं.

हे नाव पडायला कारण होतं त्याच्या टेबलावरचा पॉवर सप्लाय. बुटांच्या खोक्याएवढा करडा डबा, पुढे दोन आकडे आणि दोन नॉब. डावा व्होल्टचा, उजवा अँपिअरचा. दुकानात दुरुस्तीला येणारी कुठलीही वस्तू, मग तो रेडिओ असो, खेळण्यातलं विमान असो की कुणाच्या वजनाचा काटा, आधी या डब्याला जोडायची आणि जिवंत आहे का ते बघायचं, ही तिथली पद्धत. उजव्या नॉबवर त्याचं जे प्रेम होतं ते बायकोच्या म्हणण्याप्रमाणे माणसावर करायचं प्रेम होतं.

"व्होल्ट ढकलतो," तो येईल त्याला ऐकवायचा, "आणि करंट वस्तू स्वतः ओढते. शहाणी वस्तू लागतो तेवढाच ओढते. पण आत काही बिनसलं, तर ती मिळेल तेवढा ओढत सुटते आणि स्वतःलाच जाळून घेते. म्हणून आधी लिमिट लावायची. यापुढे नाही म्हणजे नाही! मग काही उलटसुलट झालं तरी नुसता लाल दिवा लागतो, आपण जीभ चावतो, वायरी काढतो. कुणी मरत नाही."

हेच भाषण त्याने स्वतःच्या लग्नातही केलं होतं. चार शब्द बोला असा आग्रह झाला आणि त्याला एवढेच चार शब्द येत होते. लोकांना ते संसाराबद्दल वाटलं. टाळ्या झाल्या. एका आजीबाईंनी डोळे पुसले.

दुकानात त्याची भागीदार होती ताई. ती कुणाचीच सख्खी ताई नव्हती, पण सोल्डरिंगची गन हातात असताना तिला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि दोघांच्या मधल्या फळीवर होती बरणी. दुकान उघडलं त्या आठवड्यात ताईनेच नियम केला होता : दुरुस्त करता करता आपल्या चुकीने जो पार्ट जळेल, तो बरणीत टाकायचा, सोबत चिठ्ठी लिहून. तारीख, कारण, सही. अकरा वर्षांत बरणीत सतरा पार्ट जमले होते आणि सतराच्या सतरा चिठ्ठ्या ताईच्या होत्या. 'स्क्रू आत पडला. मी हसत होते.' 'स्क्रू पुन्हा आत पडला. या वेळी हसत नव्हते.' लिमिटची एकही नव्हती. दुकानात तो कधी याची फुशारकी मारायचा नाही. फक्त रोज सकाळी बरणीवरची धूळ स्वतः पुसायचा, जरा सावकाश.

त्या मंगळवारी सकाळी त्याने एक मेलेला लॅपटॉप घेतला होता. त्याच्या बोर्डावर कुठेतरी शॉर्ट होता आणि तो शोधायची एक जुनी युक्ती आहे : व्होल्ट एकच ठेवायचा, अँपिअर मात्र पूर्ण सोडायचे, आणि बोर्डावर स्पिरिट शिंपडायचं. जो पार्ट आतून बिघडलेला असतो तो गपागप करंट पितो, तापतो, आणि त्याच्यावरचं स्पिरिट सगळ्यांआधी उडून जातं. लिमिटने उजवा नॉब शेवटपर्यंत फिरवला. दहा अँपिअर. चोर सापडला, मुंगीएवढा. तो चिमट्याने उचलून हातात धरला न धरला तोच दारातून गुणगुणाट आला.

"जावईबापू. दुकान. चालतंय. की. नुसतं. उघडं. आहे?"

ही बायकोची धाकटी मावशी. अकरा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन होऊन तिची स्वरपेटी काढली होती. तेव्हापासून ती एका टॉर्चएवढ्या यंत्राने बोलायची. ते मानेला टेकवायचं, बटण दाबायचं. आत तारेची एक गुंडाळी एका चकतीवर सेकंदाला शंभर वेळा आपटते, तो गुणगुणाट गळ्यातून तोंडात शिरतो, आणि जीभ-ओठ त्याचे शब्द बनवतात. घरात या यंत्राला भुंगा म्हणायचे. ऑपरेशनआधी मावशी फार बोलते अशी तक्रार होती. भुंगा आल्यावर ती तितकंच बोलायची, फक्त आता एकाच सुरात.

"या मावशी, बसा. काय म्हणतोय भुंगा?"

"मधेच. बसतो." एवढं म्हणता म्हणताच तो बसला. मावशीने त्याला दोन चापट्या मारल्या, मग पुन्हा, "बॅटरी. नवी. आहे. परवा. मी. शेजारणीला. 'तू अगदी' म्हटलं. आणि. बंद. ती. अजून. विचारतेय. अगदी. काय."

लिमिटने भुंगा घेतला, झाकण उघडलं. त्याला लगेच दिसलं ते : बटणाखाली मळ साचला होता. कापसाच्या बोळ्याने पुसलं की झालं. पाच मिनिटांचं काम. त्याने पुसलंही. मग, नियमाप्रमाणे, आता सप्लायवर चालवून बघू.

भुंग्याला लागते नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, डोक्यावर दोन टिचबटणं असलेली. सप्लायवरून ती जोडायला लिमिटने एक जोड घरीच केला होता : एका जुन्या खेळण्यातली बॅटरीची टोपी, तिला लाल आणि काळी वायर. टोपीला टोपी टिचकन बसते. पण यात एक गंमत आहे. टोपी बनवलेली असते बॅटरीसाठी. टोपीसमोर टोपीच आली की बाजू उलटतात, माणसासमोर माणूस उभा राहिला की एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डाव्या हातासमोर येतो तशा. म्हणजे या एका जोडावर लाल वायर उणे आणि काळी वायर अधिक. लिमिटला हे पक्कं माहीत होतं. त्याने जोडाला पांढरा दोरा बांधला होता. ताईकडून तर त्याने ते तीनदा वदवून घेतलं होतं : लाल म्हणजे काळी, लाल म्हणजे काळी, लाल म्हणजे काळी.

मावशी दाराशी जाऊन रस्त्यावर उभं राहिलेलं भांडण बघत होती. त्याने डावा नॉब नऊवर आणला आणि तिच्या पाठीला सांगायला सुरुवात केली.

"कसं आहे मावशी, व्होल्ट ढकलतो. पण करंट वस्तू स्वतः ओढते. शहाणी वस्तू लागतो तेवढाच ओढते..."

हात आपलं काम करत होते. पंधरा वर्षं हात लाल वायर लालवर लावत आले होते. त्यांनी लाल वायर लालवर लावली.

"...म्हणून लिमिट—"

फट्.

फार मोठा नाही, सुपारी फोडल्याएवढा; रस्त्यावरच्या भांडणात तो बुडून गेला. मग भुंग्याच्या पोटातून धुराचा एक सरळ, बारीक दोरा वर आला. सप्लायचा लाल दिवा लागला नव्हता. लागणार कसा? उजवा नॉब दहावरच होता, सकाळपासून. भुंग्याला उलट्या बाजूने हवा तेवढा करंट मिळाला होता, आणि बिचाऱ्याने घेतला होता. ट्रान्झिस्टर गेला, मेंदूची चिप गेली, गुंडाळीची तार काळी पडून तिचा एकच गोळा झाला.

सप्लायखाली लिमिटच्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता : 'उठण्याआधी अँपिअर खाली.' पण तो उठलाच नव्हता. बसूनच केलं होतं त्याने हे सगळं.

दुकानभर तो वास पसरला. जळक्या लाखेचा, कडू, नाकात जाऊन बसणारा. लिमिटने पंखा लावायला हात नेला आणि तो हात मधेच थांबला.

मावशी वळली होती. ती त्याच्याकडे बघून हसली, भांडणाकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं. नाक मुरडलं नाही, काही नाही. आणि मग त्याला आठवलं. ऑपरेशन झाल्यापासून मावशी गळ्याशी केलेल्या भोकातून श्वास घ्यायची. नाकातून हवा जातच नव्हती. मावशीला अकरा वर्षांत कसलाही वास आला नव्हता.

पुढे कित्येक दिवस त्याने स्वतःला विचारलं की तो विचार किती वेळ टिकला. फार तर एक सेकंद. पण त्या एका सेकंदात त्याने मधे अंग घालून धूर विरू दिला, वायरी काढल्या आणि चेहरा डॉक्टरसारखा केला.

मावशीने भुवया उंचावल्या : काय?

"मावशी," लिमिट म्हणाला, "हा गेलाय हो. आतून. मधेमधे बसत होता ना, ते याचंच लक्षण. वय झालं होतं त्याचं."

मावशी भुंग्याकडे बघत राहिली. तिने हात पुढे करून त्याच्यावरून अंगठा फिरवला. मग टेबलावरची वही ओढली, पेन मागितलं आणि लिहिलं. कागद फाडून त्याच्या हातात दिला, वर त्याच्या गालावर थोपटलं, आणि गेली.

कागदावर होतं : 'तुझा दोष नाही.'

ताई तासाभराने गिऱ्हाइकाकडून परत आली. उंबऱ्यातच थबकून तिने हवा हुंगली.

"काय जाळलंस?"

"काही नाही. सोल्डर सांडलं."

ताईने त्याच्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. "सोल्डर," ती म्हणाली, आणि आपल्या कामाला लागली. दिवसभर ती एवढ्या सभ्यपणे वागली की त्याने तीनदा उगाच टेबल पुसलं. जळलेली चिप त्याच्या शर्टाच्या खिशात होती. करवंदाच्या बीएवढी वस्तू, पण खिसा खाली ओढल्यासारखा वाटत होता.

घरी बायकोने विचारलं, "मावशीचा भुंगा गेला म्हणे?"

"वय झालं होतं."

"लिमिट लावली होतीस ना?"

याचा त्याला राग यायला हवा होता. एरवी आला असता. अर्धा तास पुरला असता. तो म्हणाला, "हो," आणि हात धुवायला गेला. खूप वेळ धूत बसला. बाहेरून बायको म्हणाली, "कातडी ठेव थोडी."

दुसऱ्या दिवशी मात्र कळस झाला. मावशीच्या मुलाचा फोन आला. लिमिटने छातीवर हात ठेवून तो उचलला.

"भावोजी, थँक्यू."

"कशाबद्दल?"

"नाही म्हणजे, वाईट वाटलंच. पण काल अकरा वर्षांनी आम्ही बातम्या ऐकल्या. शेवटपर्यंत. जगात बरंच काही चाललंय हो! घाई करू नका दुरुस्तीची, एवढंच सांगायचं होतं."

खोटं बोलून शिव्या खाव्या लागल्या असत्या तर माणूस निदान मान खाली घालून बसला असता. इथे आभार मिळत होते. शेजारणीनेही निरोप पाठवला की 'अगदी'च्या पुढचं ऐकलं नाही तरी चालेल. लिमिटला वाटलं, आता कुणीतरी हार घेऊन येईल.

भुंगा बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. नवा यायला पाच आठवडे लागणार होते. हे सांगायला तो गुरुवारी संध्याकाळी मावशीच्या घरी गेला. फोनवर सांगता आलं नसतं का? आलं असतं, पण मावशीला फोनवर काही विचारता आलं नसतं. निदान एवढी लाज त्याला शिल्लक होती.

तो पोचला तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. मावशी फोनच्या तिपाईपाशी ताठ बसली होती, हातात चमचा. तिने त्याला खुणेने बसवलं. सहाला फोन वाजला. मावशीने स्पीकरचं बटण दाबलं आणि चमच्याने तिपाईवर एक ठोका दिला.

"आहेस का?" पलीकडून आवाज आला. थोरली मावशी.

थोरली गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. वीस वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. दोघी बहिणी रोज संध्याकाळी सहाला फोनवर अर्धा तास भांडायच्या. विषय कुठलाही चाले. गेला महिनाभर लहानपणी कुणी कुणाची छत्री हरवली यावर चाललं होतं आणि प्रकरण निकालाच्या जवळ आलं होतं.

"एक ठोका हो, दोन ठोके नाही, ठरलंय ना?" थोरली म्हणाली.

ठक्.

"मग कालचं. छत्री तू हरवलीस. कबूल?"

ठक् ठक्.

"का?"

मावशीचा चमचा वर उचललेला राहिला. हो ला ठोका होता, नाही ला होता. का ला ठोका नव्हता. तिने आपलं तोंड उघडलं, ओठ हलले, मोठं लांबलचक वाक्य होतं ते, हातवाऱ्यांसकट, आणि खोलीत पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता. थोरलीला लिहिलेलं दिसत नव्हतं. थोरलीला हातवारे दिसत नव्हते. थोरलीसाठी धाकटी म्हणजे तो गुणगुणाट होता, आणि तो लिमिटच्या शर्टाच्या खिशात जळून पडला होता.

"अगं, असं एकटीनं किती भांडू?" थोरली म्हणाली. "मी आपली नुसती एक वाईट बाई वाटायला लागलेय. ठेवू?"

चमचा खाली आला. मग, हळू, ठक्.

"थांब, त्या लिमिटनं काय सांगितलं? आपोआपच गेला ना तो?"

ठक्.

"बिचारा. त्याला काही बोलू नकोस हं."

फोन बंद झाला. मावशीने चमचा पुसून ठेवला आणि लिमिटकडे बघून, थोरलीच्या शेवटच्या वाक्यावर, खांदे हलवत हसली. बिनआवाजाचं हसू. लिमिटला पाच आठवडे हे शब्द उच्चारता आले नाहीत. तो म्हणाला, "मी बघतो काहीतरी," आणि चपला घालून निघाला. जिन्यात लक्षात आलं की एक चप्पल मावशीच्या मुलाची होती. परत जायची हिंमत झाली नाही. एक नऊ नंबर आणि एक सात नंबर घालून तो घरी आला.

मग दोन दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. मेंदूची चिप मिळणार नव्हती, तर चिपशिवायच करायचं ठरवलं : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, आणि सूर वरखाली करायला एक पिळता येणारा बारीक स्क्रू. गुंडाळी त्याने हाताने भरली, केसाएवढ्या तारेचे तीनशे वीस वेढे; दोनदा मोजणी चुकली, दोनदा उलगडून पहिल्यापासून भरली. आणि या वेळी बॅटरीच्या वाटेवर एक डायोड घातला, म्हणजे कुणी गाढवाने वायरी उलट जोडल्या तरी करंट दारातूनच माघारी फिरेल. हे काम कंपनीनेच करायला हवं होतं असं त्याच्या मनात आलं. कंपनीवर ढकलता येईल, असंही आलं. त्याने ती वाटही गुपचूप बंद केली.

जोडण्याआधी त्याने उजवा नॉब शून्याजवळ आणला. बघितलं. उठून पाणी प्यायला, परत येऊन पुन्हा बघितलं. ताई समोरून हे सगळं पाहत होती.

"लाल म्हणजे?" तिने विचारलं.

"काळी," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. ताईने मान पुन्हा कामात घातली.

भुंगा चालला. पण सूर भलताच होता. स्क्रू एकीकडे पिळला की बदक बोलायचं, दुसरीकडे पिळला की दूरवर कुणीतरी लाकूड कापायचं. जुना सूर नक्की कुठे होता हे लिमिटला सांगता येईना. अकरा वर्षं ऐकून त्याने तो कधी नीट ऐकलाच नव्हता. मावशी स्वतःला बाहेरून कधी ऐकत नव्हती. तो सूर एकाच माणसाला तोंडपाठ होता.

शनिवारी दुपारी तो थोरलीकडे गेला. थोरलीने आयुष्यभर इस्त्रीचं दुकान चालवलं होतं, शेवटची सहा वर्षं तर डोळ्यांशिवाय. कापड चटका खायच्या क्षणभर आधी तिला वासाने कळायचं. एकही कपडा जाळला नाही, असं घरात सांगायचे. लिमिटला ती नेहमी आपल्या जातकुळीतली वाटायची.

"आण," ती म्हणाली. "तुझ्या मानेला लाव आणि बोल."

लिमिटने भुंगा आपल्या गळ्याला टेकवला, श्वास रोखून नुसते ओठ हलवले. "हॅलो. हॅलो. छत्री."

"वर घे. आणखी. अरे, बाई आहे ती, कुत्रं नाही. खाली. थोडं खाली. आणखी. थांब!" तिने मान तिरपी केली. "हं. जुना भुंगा तिच्या मूळ आवाजापेक्षा जरा वरच होता. अकरा वर्षं सांगतेय मी, कुणी ऐकलं नाही. हा बरोबर आहे. स्क्रू घट्ट कर."

त्याने स्क्रूवर लाखेचा थेंब सोडला. काम झालं. आता उठायचं आणि निघायचं.

"आणि हा वास कुठला?" थोरलीचा हात त्याने आणलेल्या पिशवीत गेला होता. जुन्या भुंग्याचं आतलं काढून ठेवलेलं होतं, ती जळकी गुंडाळी, तो बोर्ड. तिने ते नाकाशी नेलं.

लिमिटने पिशवी बरोबर का आणली होती? मापाला लागेल म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. कोण जाणे. ज्या माणसाचं नाक गावात सगळ्यांत तिखट, त्याच्याकडे जळकी वस्तू घेऊन जाणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाहीतर थकलेला.

"हे म्हातारपणाने गेलेलं नाही," थोरली म्हणाली. "म्हातारपणाने गेलेल्या वस्तूला कुजका वास येतो. हे भाजलंय. एकदम, मोठ्या आचेवर."

लिमिटने लाखेच्या बाटलीचं झाकण लावलं.

"तुझ्या हातून?"

"हो."

"ती तिथेच होती?"

"हो. पाठमोरी."

थोरलीने गुंडाळी परत पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद बांधले. मग विचारलं, "तिला वास येत नाही, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

या प्रश्नाला चमचा पुरला असता. एक ठोका. लिमिटकडे चमचा नव्हता.

"हो," तो म्हणाला. "म्हणजे... तेव्हाच आठवलं."

थोरली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पिशवीच्या गाठीवरून बोट फिरवत राहिली. बाहेर कुणीतरी बादली घासत होतं.

"मी आत्ता जातो," तो शेवटी म्हणाला. "आधी तिला सगळं सांगतो. मग भुंगा देतो."

"हो, तसंच कर," थोरली म्हणाली. "तेच सोपं आहे. तिला बोलता येत नाही तोवर सांगून टाक. फार तर दोन ठोके खाशील."

लिमिटला असं वाटलं की आपल्या अंगावरचे सगळे कपडे आतून बाहेर उलटे झालेत आणि शिवण सगळ्यांना दिसतेय. कबुली देतानाही आपण लिमिट लावूनच देणार होतो.

"मला सांगून काही उपयोग नाही," थोरली म्हणाली. "माझा नव्हता तो. जा. आणि सहाच्या आत जा, मला फोन करायचाय."

तो पावणेसहाला पोचला. मावशीने दार उघडलं, त्याच्या हातातला भुंगा पाहिला आणि चमचा टाकून दिला. तो टेबलाखाली गेला. कुणी उचलला नाही. तिने भुंगा मानेला टेकवला, बटण दाबलं.

"हॅलो."

ती दचकली. आजूबाजूला बघितलं. "कोण. बोलतंय?" मग स्वतःच, "मी. बोलतेय?" मग अंकांची उजळणी केली, मुलाचं नाव घेतलं, आतल्या खोलीत बातम्या बंद झाल्याचा आवाज आला, आणि मग शेजारच्या भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "अगदी. मूर्ख. आहेस!" सहा दिवसांचं तुंबलेलं वाक्य पूर्ण झालं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे आली.

"मावशी, थांबा." तो एक पाऊल मागे सरला. खिशातली चिप काढून त्याने तिपाईवर ठेवली. "तो आपोआप गेला नव्हता. बटणाखाली फक्त मळ होता, तो मी पुसला होता. मग मी वायरी उलट्या जोडल्या. आणि लिमिट लावली नव्हती. जळाला, धूर झाला. तुम्ही वळलात तेव्हा सगळीकडे वास होता. मला कळलं की तुम्हाला तो येत नाहीये. म्हणून मी वय झालं म्हणालो."

मावशीचा अंगठा बटणावरच होता. तोंड बंद. भुंगा नुसता गुणगुणत राहिला, शब्दांशिवाय, एकसारखा. सरळ, न थांबता. लिमिटने तो सूर पहिल्यांदा नीट ऐकला. त्यात लपायला कुठे जागा नव्हती.

मग अंगठा उचलला. पुन्हा दाबला.

"मी. तुला. कागद. दिला. होता."

"हो."

"कुठाय?"

तो पाकिटात होता. चार दिवस त्याने तो टाकलाही नव्हता आणि पुन्हा वाचलाही नव्हता. त्याने काढून दिला. मावशीने चष्मा लावला, पेन घेतलं, आणि 'नाही' या शब्दावर एक रेघ ओढली. एकदा. मग पहिली पुरेशी ठळक नव्हती म्हणून आणखी एकदा. खाली तारीख घातली, मंगळवारची.

"हा. बरणीत. टाक. सही. कर."

बरणीबद्दल तिला माहीत होतं. माहीत नसणार कसं? गेली अकरा वर्षं प्रत्येक समारंभात त्यानेच तिला सांगितलं होतं की बरणीत आपली एकही चिठ्ठी नाही.

त्याने उभ्याउभ्याच सही केली. सही वेडीवाकडी आली. त्याला वाटलं, आता जायला हरकत नाही. त्याने चपलेत पाय घातला, त्याची हरवलेली सात नंबरची चप्पल तिथेच दाराशी होती, आणि तेवढ्यात फोन वाजला. सहा.

मावशीने स्पीकर लावला.

"आहेस का?" थोरली म्हणाली. तिचा आवाज जरा जपून होता.

"आहे."

पलीकडे खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग थोरलीने घसा साफ केला. "बरं. छत्रीचं."

"छत्री. थांबेल," मावशी म्हणाली. "इथे. माझं. एक. भांडण. चालू. आहे. ते. संपवते. मग. तुला. घेते."

"ठेवू का मग?"

"नको. ऐक."

मावशीने पायाने एक खुर्ची लिमिटकडे सरकवली. त्याने चप्पल काढली आणि बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ती समोर बसली. चष्मा पुसला, भुंगा मानेला नीट लावला, अंगठा बटणावर ठेवला.

"हं," ती म्हणाली. "पहिल्यापासून. अँपिअर. किती. होते?"